सरदारच्या नावावरचा कान

(सकाळची वेळ. शेळ्यांचा गोठा. मुलगी हातमोजे चढवते आहे.)

वडील : पुन्हा कान? चाळणी करायची ठरवलीये का बोकडाच्या कानाची?

मुलगी : टिकलीएवढा तुकडा लागतो, बाबा. धरा जरा त्याला.

वडील : पाठवला होता की तुझ्या प्रयोगशाळेत. हरवलात?

मुलगी : हरवला नाही, जुळत नाही. त्या तुकड्यावरून तुमचा सरदार मादी ठरतोय.

आई : अगं बाई. एवढी दाढी घेऊन?

वडील : तू दूध काढ. यंत्र बिघडलं असेल हिचं.

मुलगी : मलाही तेच वाटलं. पुन्हा तपासला. शेळीचाच आहे.

वडील : मग घाईत हात चुकला असेल.

आई : घाई कसली? चांगलं निवांत बसून घेतलात. आपल्या काळ्या शेळीचे पाय मीच धरले होते. म्हणालात, आधी हिच्यावर हात बसवतो, मग सरदारचा घेतो.

मुलगी : आणि मग घेतलाच नाही.

वडील : उधळतो तो.

मुलगी : बाबा, कुठल्या जोडीची करडं लुळी निपजतील, ते जनुकांवरून आधीच सांगणारी चाचणी बनवतोय आम्ही. आपल्याकडची मेलेली करडं आहेत त्यात, त्यांच्या आया आहेत. बाप तेवढा खोटा. मी गप्प बसले असते, तर चाचणी चुकीचंच शिकली असती.

वडील : आया अशक्त होत्या. ज्याला त्याला सांगितलंय मी.

आई : सांगितलंय ना. ती शिंपीणबाई लुळं करडू झालं म्हणून रडत आली, तिलाही म्हणालात, तुझ्या शेळीत दम नाही. विकून टाकली बिचारीनं. आपल्याकडूनच नेलेली, सरदारचीच लेक.

मुलगी : आणि गाभण राहायला ती पुन्हा सरदारलाच दाखवलीत? दोष आईबाप दोघांकडून आला, तरच करडू लुळं होतं.

वडील : वाण टिकावा म्हणून दाखवली. आजही लोक शेळ्या घेऊन यायचेत. मला ओळखतात ते याच्यामुळे.

आई : मला तरी कुठे नावानं ओळखतात? सरदारवाल्यांची बायको.

मुलगी : नसेलही त्याच्यात काही. म्हणून तर तपासायचं.

आई : धरा हो त्याला.

वडील : धरलाय. हं, घे. हळू.

मुलगी : झालं. निकाल आला की फोन करते.

वडील : कशाला करतेस. करडं मीच पुरतो ना, सगळी याचीच. दोष सरदारमध्येच आहे.