मी काय पाहुणी आहे?

नाही, तुम्हीच सांगा, सख्ख्या मावशीला मोजायचं कसं? म्हणजे माझं कामच ते हो! या राखीव सागरी उद्यानाच्या फाटकावर बसायचं, हातात हे यंत्र, माणूस आत गेला की दाबायचं, टक्! पायांखाली प्रवाळ चिरडायला नको, म्हणून रोज किती जण आले ते साहेबांना कळवायचं. सोपं आहे ना? सोपं! पण कुणा शहाण्यानं फाटकावर पाटी ठोकली... 'पाहुण्यांची मोजणी होईल'. झालं! मावशी आली रोजच्यासारखी फिरायला, मी टक् केलं, तर गर्रकन वळली, "काय रे मेल्या, मी काय पाहुणी आहे? लहानपणी तुझं नाक पुसलंय मी! खोड ते!" आता खोडू कसं? यंत्र पुढंच जातं, मागं येत नाही!

मग हे लोण गावभर पसरलं. शाळेतल्या बाई म्हणतात, "मी काय पाहुणी आहे?" न्हावी म्हणतो, "मी काय पाहुणा आहे?" आणि तुम्हाला सांगतो, तो हे गळ्याशी वस्तरा धरून विचारतो हो! कोण मोजेल? मी टक् करणंच सोडलं, रोजचा आकडा शून्य!

शेवटी साहेबांचा फोन. साहेब नाकात बोलतात, "तुमच्याकडे कुणी फिरकतच नाही म्हणे? चौकी बंद करू, तुमची बदली करू." बदली! जिथं समुद्र नाही, मावशी नाही, तिथं मी करू काय? जेवणाचं ताट तसंच सारून उठलो. मावशीनं खोदून विचारलं, मी सांगून टाकलं. ती पदर खोचून तडक गावात निघाली... तिथंच मी घाबरायला हवं होतं!

दुसऱ्या दिवशी फाटकाशी ही रांग! सगळ्यांत पुढं मावशी, ठेवणीतले कपडे घालून. "मोज रे! आज आम्ही सगळे पाहुणे!" न्हावी तर दोनदा आला, दुसऱ्यांदा मिशी उतरवून! टक् टक् टक्... अंगठा सुजला, पण डोळे भरून आले हो माझे, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी मोठ्या ऐटीत आकडा कळवला.

साहेब खूश? छे! "अहो, एवढी गर्दी? मर्यादा ओलांडली! प्रवाळाला विसावा द्या, महिनाभर फाटक बंद. तुम्ही मात्र तिथून हलायचं नाही. एकही पाहुणा आत सोडलात तर याद राखा!"

चला, बदली टळली! कुलूप लावून बसलो, तर आज सकाळी मावशी हजर. म्हटलं, "बंद आहे गं मावशी, पाहुण्यांना मनाई."

तिनं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... "मग उघड की! मी काय पाहुणी आहे?"

उघडलं. काय करता! "वाळूवरूनच चाल गं," एवढं म्हणेपर्यंत मागून तो बिनमिशीचा न्हावीही शिरला. यंत्र खिशातच राहू दिलं मी... घरच्यांना कुणी मोजतं का?