इरेनाची फायनल आणि रंजिताचे पाहुणे

…नाही पण मी म्हणते, दोन म्हंजे दोन ना? घड्याळ सगळ्यांचं एकच असतं ना? दोन वाजता मुलगी बघायला येतो म्हणून सांगितलं आणि पाहुणे उगवले कधी, तर चारला! वर दारातच हसत, "काय करणार, मानकोलीला ट्रॅफिक!" अहो, मानकोलीला ट्रॅफिक नसतं कधी? मी रोज तिथेच गोडाऊनला जाते कामाला, माझी ड्युटी थांबते का ट्रॅफिकसाठी? बरं, वार कुठला धरला? शनिवार. जानेवारीतला शेवटचा शनिवार! दुपारी दोन! आता तुम्हाला सांगते, जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा त्या वेळेला काय असतं… ऑस्ट्रेलियातल्या त्या मोठ्या टेनिस स्पर्धेची फायनल असते, महिला एकेरी! पण भिवंडीत शहाणी माणसं किती? टेनिस बघणारी मी एकटी. धम्मदिना, वय पंचेचाळीस. बाकी सगळ्यांचं एकच पालुपद, "काय असतं त्यात? नुसता बॉल इकडनं तिकडं!"

हे वाक्य आमच्या ह्यांचं. वाल्मीक नाव. एसी दुरुस्त करतात. मी कधी म्हटलं का, की तुमच्या एसीत काय असतं, नुसती हवा इकडनं तिकडं?

माझा दोष नाही हो, हे रक्तातच आलंय. आमचे आप्पा ठाण्यात एका जिमखान्यात कामाला होते. एकतीस वर्षं कोर्टवर रोलर फिरवला, पाणी मारलं, चुन्याच्या लाइनी ओढल्या. खेळले किती? एकदाही नाही. कर्मचाऱ्यांनी खेळायचं नाही असा नियम, आणि नियम करणाऱ्यांना सर्व्हिस धड नेटपलीकडे टाकता येत नव्हती! आप्पा म्हणतात, "मी लाइन ओढायचो सरळ, आणि ते मारायचे वाकडं." तर ते घरी आणायचे जुने टक्कल पडलेले बॉल, आणि दर फायनलला मला मांडीवर घेऊन टीव्हीसमोर. आज आप्पा अंबाडीला भावाकडे असतात, अठ्ठ्याहत्तरीचे झालेत, पण फायनल आम्ही दोघं एकत्रच बघतो. फोनवर.

त्यातही एक गंमत… गंमत कसली, छळ! आप्पांकडे डिश, माझ्याकडे मोबाइलवर अॅप. अॅप चाळीस सेकंद मागे! इथे इरेना बॉलला नुसते टप्पे देत उभी, आणि कानात आप्पा ओरडतात, "गेला! नेटमध्ये गेला!" अहो आप्पा, मला मरू तरी द्या माझ्या वेळेला!

इरेना म्हंजे आमची इरेना. सदतीस वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं, घरी सहा वर्षांची मुलगी, आणि पोहोचली फायनलला! गुरुवारी सेमीफायनल होती, ती मी गोडाऊनमध्ये पार्सलांच्या मागे उभी राहून बघितली. सुपरवायझर आला, "मॅडम, ये क्या चल रहा है?" म्हटलं, सेमीफायनल. तो वाकून बघतो आणि म्हणतो, "इसमें तो बस बॉल इधर से उधर…" म्हंजे हिंदीतसुद्धा तेच! आणि ते कॉमेंट्रीवाले! एक म्हणतो, "अनुभव काम आ रहा है," पुढच्याच पॉइंटला इरेना चुकली की तोच म्हणतो, "उम्र दिख रही है." अरे, दोन मिनिटांत अनुभवाचं वय झालं? आणि फायनलला समोर कोण, तर एकोणीसची पोरगी. ती प्रत्येक फटक्याला अशी किंचाळते, अशी किंचाळते, की तिची आधीची एक मॅच घरी लावली तर आमच्या सासूबाई आतून धावत आल्या, "कुनाला इंचू चावला गं?" आई, कुणाला नाही, ती फोरहँड मारतेय! मी तिचं नावच किंचाळी ठेवलंय.

तर शनिवार. नणंद आमची, रंजिता, तिला बघायला मुरबाडची मंडळी येणार. रंजिता नर्स आहे, तीस वर्षांची, गुणी पोर. आठ वर्षं कंत्राटावर राबली आणि गेल्याच महिन्यात कायम झाली. अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले तिने. लग्नाला तिची ना नव्हती, माझीही नव्हती. पण दोन वाजता? मी ह्यांना म्हटलं, पाहुणे येईपर्यंत टीव्ही लावू. "छे! पाहुणे काय म्हणतील?" अहो, पाहुणे आलेच नाहीत तर म्हणतील कुठून? "ते काही नाही. नुसता बॉल इकडनं तिकडं, त्यासाठी काय जीव टाकतेस!" टीव्ही बंद. मग मी मोबाइल ठेवला पोह्यांच्या डब्याला टेकवून, कानात आप्पा लावले, वरून केस सोडले. पहिला सेट इरेनाने घेतला, माझा कांदा करपला. दुसरा किंचाळीने घेतला, मी रवा भाजायच्या ऐवजी नुसती ढवळत उभी, गॅस बंद!

आणि तिसरा सेट रंगात आला तेव्हा दारात, "जय भीम! उशीर झाला जरा!"

झालं. मोबाइल खिशात. आता चित्र नाही, फक्त कानात आप्पा. समोर सोफ्यावर मुलाचे वडील, मुलगा भाविक, आणि मुलाची मावशी. मावशी म्हंजे काय सांगू… पोह्याचा एकेक दाणा चमच्याने उलटून बघत होती, जणू लाइनीच्या आत पडलाय की बाहेर! आणि सर्व्हिस कायम तिचीच. "मुलीला चष्मा कधीपासून?" "उंची किती?" "स्वयंपाक येतो का?" मुलगा? मुलगा खाली बघत बसलेला. बॉल थेट त्याच्या पायाशी पडत होता, पण उचलेल तर शपथ!

इकडे कानात आप्पा, "पाच-तीन! इरेना पुढे!" मी सरबताचा ट्रे घेऊन उभी. "चाळीस-पंधरा! दीना, दोन मॅच पॉइंट गं!" मी सरबत मावशींच्या ग्लासात ओततेय ते ओततच राहिले. ह्यांनी डोळे वटारले. "डबल फॉल्ट!" आप्पा रडवेले. "परत डबल फॉल्ट! अगं, ही मागे सरकली! जिंकत आलेली बाई लाइनीच्या मागे मागे जाते बघ! सोडते ही, दीना, मॅच सोडते!"

आणि नेमकं त्याच क्षणाला, तुम्हाला सांगते, अगदी त्याच क्षणाला मावशी रंजिताकडे वळून म्हणते, "आमची एकच अट. लग्नानंतर नोकरी सोडायची. नाइट ड्युटी बिड्युटी आमच्यात चालत नाही."

आणि माझ्या तोंडून निघालं. मोठ्याने. ट्रे हातात धरून.

"अगं मूर्ख बाई! एवढं करून इथवर आलीस आणि आता सोडतेस?"

  मी बोलत होते इरेनाशी! महिला एकेरीची फायनल चालली होती, आणि मावशींना वाटलं, त्यांनाच एकेरीवर आणलं! त्या लालबुंद. मुलाचे वडील खोकायला लागले. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हणणार होते, तुम्हाला नाही हो, ती ऑस्ट्रेलियात… पण तेवढ्यात रंजिता उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "वहिनी बरोबर बोलल्या. मी नाही सोडणार. आठ वर्षं वाट बघितलीय मी त्या कागदाची."

मावशीने भाविककडे बघितलं. भाविकने मावशीकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी भाविककडे बघितलं. म्हटलं, आता तरी रॅकेट उचल बाबा! तो तोंड उघडतो आणि म्हणतो, "मावशी म्हणेल तसं."

मग काय, "कळवतो" म्हणून उठले. शिरा खाऊन उठले हां, तसाच नाही सोडला. चपला घालताना मावशी म्हणते, "घरात मोठ्यांशी बोलायची पद्धत नाही." आणि माझ्या कानात आप्पा अगदी बारीक आवाजात, "गेली गं दीना. सात-पाच. रडते तिथेच बसून." काय करू सांगा? दारात उभी राहून माझ्याही डोळ्यांत पाणी! मावशींना वाटलं, मला पश्चात्ताप झाला.

मग आमच्या ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "नुसता बॉल इकडनं तिकडं, त्यापायी बहिणीचं स्थळ घालवलंस!" मी आपली रिकामे ग्लास गोळा करायला लागले, कारण ह्या वेळी ते निम्मे बरोबर होते. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "जाऊ दे रं वाल्मीक. पोऱ्याला सवताचं त्वांडच न्हाय. ती मावशीच नांदवनार हाय का हिला?" ह्यांनी आईकडे बघितलं, आणि बाहेर जाऊन उगाचच पाण्याची मोटर लावली. टाकी भरलेली होती.

मी आत गेले. रंजिता साडीच्या पिना काढत बसली होती. म्हटलं, "रंजू, चुकलं माझं. मी तुला म्हटलंच नव्हतं गं. मावशींनाही नव्हतं."

"माहितीये," ती म्हणाली. "कानातली वायर दिसत होती. मलाच तेवढी."

"मग?"

"मग काय वहिनी, मनात तेच होतं, तोंडातून येत नव्हतं. तुमच्या तोंडून आलं, मी पकडलं." आणि तोंड फिरवून डोळे पुसले तिने. मी पाठीवर हात ठेवला. 

मग तीच उठली, दोन कप चहा टाकला आणि म्हणाली, "लावा तुमची ती मॅच, पुन्हा दाखवतात ना? बघू तरी, कोणामुळे माझं लग्न मोडलं."

तुम्हाला सांगते, एवढ्या वर्षांत ह्या घरातलं कुणी आपणहून माझ्याशेजारी टेनिस बघायला बसलं नव्हतं! मी टीव्ही लावला, उशी दिली, इरेना दाखवली, तिचे बांधलेले गुडघे दाखवले. म्हटलं, नीट बघ, ही बाई काय चीज आहे. रंजिता पुढे सरकून बसली, एक पॉइंट बघितला, दोन बघितले, अगदी मन लावून. मला तर भरून आलं! मग चहाचा घोट घेऊन ती विचारते,

"वहिनी, किती ओव्हरची असते ही?"

…म्हटलं, वीस.