शंखपूरच्या बंदराची साखळी

मंडळी, ऐका. ज्याला आपल्या देशाचा अभिमान आहे, त्यानं परक्याशी वागावं कसं? माना डोलावू नका, अजून मी काही सांगितलेलंच नाही!

समुद्रकाठी शंखपूर नावाचं राज्य होतं. नुकतंच वर येऊ लागलेलं. उत्तरेचं आणि पश्चिमेचं अशी दोन बलाढ्य साम्राज्यं आपसांत लढत होती. दोघांचे वकील दरबारात आले. म्हणणं एकच — ‘आमच्या शत्रूची गलबतं बंदरात घेतलीत, तर तुम्हीही आमचे शत्रू.’

सेनापती धारराव उठले. ‘महाराज, दोघांच्याही गलबतांना बंदी घाला. आपल्याला कुणाची गरज नाही.’

टाळ्यांचा कडकडाट! असल्या वाक्याला टाळ्या पडायच्याच. तुमचेही हात उठले होते, पाहिलं मी.

राजाच्या आत्या अंबाक्का कारभार पाहायच्या. त्या म्हणाल्या, ‘दोघांनाही येऊ द्या. तोफा मात्र बंदराबाहेर उतरवायच्या.’

‘आक्का, तुम्ही घाबरलात,’ धारराव हसले. राजानं धाररावांचंच ऐकलं. गलबतं अडवायला बंदराच्या तोंडाशी साखळी पडली.

थोड्याच दिवसांत पश्चिमेचं एक गलबत साखळीपाशी थांबलं. त्यात धाररावांची लेक सगुणा होती. पैलतीरी दिलेली, बाळंतपणाला माहेरी निघालेली. समुद्र खवळलेला, तिला कळा सुरू. पहारेकरी धाररावांकडे बघतायत, धारराव जमिनीकडे. साखळी काढा, हे आता कुठल्या तोंडानं म्हणायचं?

अंबाक्का आल्या. टोमणा मारला नाही. म्हणाल्या, ‘होडी घ्या, आधी लेकीला आणा. गलबत मात्र तोफा उतरवल्यावरच आत येईल.’

धारराव स्वतः वल्ही मारत गेले. लेकीला होडीत घेतलं. तोफा उतरवायच्या म्हणताच गलबताचा कप्तान गुरगुरला, ‘आमचे सम्राट चिडतील.’

धारराव शांतपणे म्हणाले, ‘त्यांना सांगा, शंखपूरला पाहुणा चालतो, धनी नाही.’

कप्तानानं वादळाकडे पाहिलं आणि तोफा उतरवल्या. साखळी निघाली. संध्याकाळी सगुणाला मुलगी झाली.

पुढे उत्तरेची गलबतंही त्याच नियमानं आली. दोन्ही वकील रुसले, पण शंखपूरला शत्रू कुणीच म्हणेना. म्हणावं, तर एवढं चांगलं बंदर दुसऱ्याला एकट्याला मिळणार!

आता तुमचं. जत्रेतल्या भांडणापासून पलीकडच्या गावाशी तुमचं बोलणं बंद. त्यांची चार माणसं मघापासून मंडपाबाहेर उभी आहेत. कथा त्यांनाही ऐकायची आहे. सरका थोडं, जागा करा. गाव आपलंच राहील. आणि बसली सगळी, की एकदा मिळून देवाचं नाव घेऊ.