काढून टाकलेला पत्ता

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई डोळ्यांत थेंब घालून बसल्या होत्या. त्यांची भाची धापा टाकत आली.

“मावशी, तुझ्या आधारगृहाची वेबसाइट मी आत्ताच बंद केली.”

“का गं? पत्ता तर तू कधीच काढलास ना?”

“पानावरून काढला. पण आम्ही साइटवर केलेला प्रत्येक बदल, जुन्या मजकुरासकट, एका लपलेल्या फोल्डरमध्ये साठत जातो. ते फोल्डर आमच्याकडेच राहायला हवं. मी घाईघाईत साइटबरोबर तेही इंटरनेटवर चढवलं.”

“म्हणजे जुना पत्ता कुणालाही दिसत होता?”

“शोधणाऱ्याला दिसला असता.”

“मार खाऊन आलेल्या बायका आहेत आमच्याकडे. त्यांचे नवरे शोधण्याशिवाय दुसरं काय करतायत?”

“फोल्डर पुसलंय आता. पण त्याआधी कुणीतरी ते उघडलंय.”

“कुणी?”

“ते कळत नाहीये.”

“चल, हात धर माझा. अंधार पडायच्या आत सगळ्यांना हलवू.”

“अगं, डॉक्टर बोलावतील इतक्यात.”

“डोळे कुठे पळून जातायत?”

“मावशी, रागाव ना माझ्यावर.”

“रागावेन गं सावकाश. आधी मोठी गाडी बघ, दोघी बाळंतिणी आहेत.”