चिंच, राख आणि काचकागद

जबाब, ता. २ नोव्हेंबर १९७४

माझे नाव सौ. सुंदरम्मा चन्नवीर हत्तुरे, वय ४३ वर्षे, धंदा घरकाम व शिवणकाम, रा. कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर. मला कोणी बोलावले नव्हते. मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

माझे पती चन्नवीर हे उसावर औषध फवारणाऱ्या विमानाचे मेकॅनिक आहेत. दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी ते विमान इंजिन बंद पडून होटगी शिवारात ज्वारीत उतरले. पायलट साहेबांचा हात मोडला. इंजिनकडे जाणारी एक तार टोकाच्या पितळी टोपीतून निसटली होती. ती टोपी माझ्या पतीने आदल्या दिवशी पकडीने दाबून बसवली होती.

त्यांनी काल आपल्या जबाबात "पक्कड चांगली होती, घाईत माझा हात चुकला," असे लिहून दिले आहे. त्यामुळे त्यांचे लायसन जाणार व त्यांच्यावर खटला होणार, असे कळले. तो जबाब खरा नाही.

ती पक्कड त्यांची स्वतःची आहे. दर खंडेनवमीस ते हत्यारांची पेटी पूजेसाठी घरी आणतात. हत्यारे मी घासते. चिंच व राख लावते, डाग राहिल्यास काचकागद घेते. पकडीच्या तोंडातील खाचेत काळे साचते, तेथे काचकागदाची सुरळी करून घालते. असे चौदा वर्षे केले. यंदा ते म्हणाले, "लई घासू नकोस. पूजा पकडीची हाय का आरशाची?" मी म्हणाले, "तितं कामावर तुमचे हात आमाला दिसत न्हाईत. हत्यार तरी दिसू दे की." ते हसले.

विमान पडले त्या संध्याकाळी त्यांनी घरी येऊन पक्कड उघडली व बराच वेळ तिच्या तोंडात पाहिले. मग माझा हात हातात घेतला. बोटांवर काचकागदाचे ओरखडे होते. "दुखतंय का?" एवढेच विचारले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी येथे येऊन त्यांनी वरील जबाब दिला.

पक्कड जप्त आहे. नवी दिसते म्हणून ती कोणी तपासली नाही. आज फौजदार साहेबांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी पदराचा एक धागा काढून तिच्या तोंडात धरला, दोन्ही हातांनी मूठ आवळली व साहेबांना धागा ओढण्यास सांगितले. धागा न तुटता निघून आला. माझ्या घासण्याने आतली खाच झिजली आहे, म्हणून ती घट्ट धरत नाही. साहेबांनी दोनदा करून पाहिले.

तेव्हा व्हरांड्यातील बाकावरून माझे पती आत आले व म्हणाले, "साहेब, हिचं काय लिवू नका. हत्यार बघून घ्यायचं काम माजं हाय. ती काय विमानाची मेकॅनिक हाय व्हय?" मी म्हणाले, "तुमी बसा तिकडं. चौदा वर्षं मी घासलंय, तुमी न्हाय." ते बसले नाहीत. माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. अद्याप उभे आहेत.

पायलट साहेबांचा हात बरा व्हावा. खटल्याचे काम संपल्यावर पक्कड मला परत मिळावी. ती पुन्हा कामास देणार नाही. दसऱ्याला देवापुढे ठेवीन. घासणार नाही, नुसते कुंकू लावीन.

वरील मजकूर हवालदारांनी सावकाश वाचला व अडले तेथे कानडीत समजावला. तो मी बोलले तसाच आहे. खाली कानडीत सही करीत आहे.