अ‍ॅट्रोपिनचे चौदा अँप्युल

जबाब, दिनांक २२/०९/२०२४

मी, मोहिनी चुनीलाल पाटील, वय ४३ वर्षे, धंदा संशोधन, हल्ली राहणार पुणे, मूळ गाव सावरदे, जि. नंदुरबार. समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी सतरा वर्षांपासून पुण्यातील एका संस्थेत मेंदूवर संशोधन करते. मेंदूतील एका पेशीतून सुटलेले रसायन दुसऱ्या पेशीवरच्या ज्या ग्राहीला चिकटते, त्या ग्राहींचा माझा अभ्यास आहे. अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या ग्राहींवर माझी पीएच.डी. आहे. काम उंदरांच्या मेंदूच्या पातळ कापांवर चालते. माणसावर मी कधी काम केलेले नाही.

गणपतीसाठी मी भाऊ हेमकांत याच्याकडे आले होते. दि. १९ रोजी सकाळी तो कपाशीवर फवारणी करत होता. पंप गळका होता, पाठ भिजली होती. सुमारे अकरा वाजता तो घरी येऊन ओट्यावर बसला व म्हणाला, "मोहिनी, माले नीट दिसत नही. छाती भरी ऊनी." तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. फवाऱ्याच्या औषधाने अ‍ॅसिटिलकोलीन साचते व सगळ्या ग्राही एकदम चालू राहतात, हे मी वर्षानुवर्षे शिकवले आहे. त्या वेळी मी काही वेळ नुसती उभी होते. किती वेळ, ते सांगता येत नाही. वहिनी भूमिका हिने हाक मारल्यावर मी त्याचे कपडे काढून अंगावर पाणी ओतले.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्यास जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टर बैठकीला गेले होते, फोन लागत नव्हता. नर्स मार्था गावित यांनी ऑक्सिजन लावला, १०८ ला फोन केला व या विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिनचे दोन अँप्युल टोचले. पाच मिनिटांनी भावाच्या छातीत आणखी घरघर वाढली, ओठ निळे पडले. मी म्हणाले, "आणखी चार द्या."

त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मला देता येणार नाही. तुम्ही डॉक्टर आहात का?"

मी "हो" म्हणाले.

मी एमबीबीएस नाही. त्यांनी काय विचारले, हे मला नीट कळले होते.

त्यांनी चार दिले. घरघर थांबली नाही. मी आठ सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले, "नक्की ना, मॅडम?" मी पुन्हा हो म्हणाले. मला नक्की माहीत नव्हते. त्यानंतर छाती मोकळी झाली व अ‍ॅम्ब्युलन्सने त्यास नंदुरबारला हलवले.

त्या संध्याकाळपासून हेमकांत कोणास ओळखत नव्हता. हवेत कापूस वेचल्यासारखे हात करत होता, ओरडत होता. हात बांधावे लागले. भूमिकाचे भाऊ रूपचंद यांनी नर्सने जास्त औषध टोचून त्याचे डोके फिरवले, अशी तक्रार दि. २० रोजी या ठाण्यात दिली. ते तक्रार सांगत होते तेव्हा मी शेजारच्या बाकावर बसले होते. मी काही बोलले नाही. दोन दिवस बोलले नाही. नोकरी जाईल, अटक होईल, भाऊ असाच राहील, याची मला भीती वाटत होती.

आज सकाळी नऊ वाजता त्याने मला ओळखले. म्हणाला, "तू कवय उनी?" म्हणजे तू कधी आलीस. नंदुरबारच्या डॉक्टरांच्या मते तो वाचेल. औषध कमी पडले असते तर वाचला नसता, असेही ते म्हणाले. पण ते मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

मार्था गावित यांनी जे केले ते माझ्या सांगण्यावरून केले. त्यांचा दोष नाही. भाऊ बरा झाला म्हणून मी हे सांगत नाही, असे मला लिहून द्यायचे होते. परंतु ते खरे नाही. म्हणून तसे लिहू नये.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. खालची सही माझीच आहे.

जबाब देणार,
मोहिनी चुनीलाल पाटील