मोकळं पाणी

—नाही, ओट्यावर बसू नका, ओला आहे. उभेच राहा, रजतजी. चहा? साखर संपली आहे. निरोप ऐकला मी, बहिरा नाही. पंचशीलाला पुढल्या हप्त्यात नव्या कॉलेजात हजर व्हायचंय, शिकताना घालायची तो पांढरा कोट पाहिजे — हां, हाच, टबातला. धुतोय. दिसतंय ना?

लाज कसली? मिलमध्ये कापड धुण्याच्या खात्यात जिंदगी गेली माझी. मिल बंद झाली, हात थोडेच बंद झाले! पण साबण मळ काढतो कसा, ते मला पोरीनं सांगितलं. एम.एस्सी.ला होती, इथंच टबापाशी बसून — बाबा, साबणाच्या कणाला डोकं असतं आणि शेपटी असते, डोक्याला पाणी चालतं, शेपटीला चालत नाही. साबण थोडा असला की कण एकेकटे, पाण्याच्या वर शेपट्या काढून राहतात. पण एका हद्दीच्या पुढं साबण गेला — की बस, एकदम गोळा होतात, शेपट्या आत, डोकी बाहेर, आणि तेलकट मळ त्या पोटात जातो. त्या गोळ्याला म्हणतात मायसेल. मी ‘माय’ ऐकलं. म्हटलं, बरोबर, मायच पोटात घालते. हसली. इतकी हसली की ठसका — जाऊ द्या.

मी म्हटलं, मग शेपट्यांचं एकमेकींवर प्रेम असेल. नाही म्हणाली. तसलं फार थोडं, बाबा. गोळा होतात ते पाण्यापायी. शेपटी पाण्यात शिरली की तिच्याभोवती पाण्याला हातात हात धरून, आखडून, रांगेत उभं राहावं लागतं. शेपट्या एकीकडं लोटल्या की पाणी सुटतं, पांगतं, मोकळं होतं. सगळा जोर त्या मोकळं होण्याचा. चूल पेटवावी लागत नाही, ऊन-थंडही फारसं होत नाही — आपोआप होतं.

तुम्ही दोघं कोर्टात सह्या करून दारात आलात, तेव्हा मला तेच आठवलं. तुम्हाला वाटतं प्रेमानं जमलं. असेल. तिकडं तुमच्या घरचे आखडलेले, इकडं मी. मी म्हटलं, इथं जागा नाही. गेली. घर मोकळं झालं. बघा ना आत — एक खुर्ची, एक ताट. किती मोकळं.

काय? कोट स्वच्छच आहे? मळलाय म्हटलं कुणी? धूळ बसते. दर इतवारी धुतो, नीळ देतो, वाळवतो, परत खुंटीला लावतो. त्यात काय एवढं? पांढरा कपडा आहे, पडून राहिला की पिवळा पडतो.

नाही. पिळून पिशवीत देणार नाही. ओला कपडा कुणी कुणाला देतं? उद्या वाळेल. पण तुमच्या हाती नाही — खांद्यात ढिला होता, टाके घालायचेत, ते अंगावर बघूनच घालावे लागतात. तुमच्या नाही, तिच्या अंगावर. कळलं ना, काय म्हणतोय?

साखर आणून ठेवतो.

निघा आता. आणि फाटक ओढून घ्या, गाय शिरते.